सात गुणांच्या पुढे काय? मुख्याध्यापकांना एका चित्रकला शिक्षकाचं खुलं पत्र

माध्यमिक शाळांच्या सर्व मुख्याध्यापक सरांना आणि मॅडमना,
सप्रेम नमस्कार.

नातवाच्या बारशाचा बोर्ड करायचा होता म्हणून गेल्या महिन्यात तालुक्याच्या स्टँडसमोर गेलो. तिथं फ्लेक्सची चार दुकानं ओळीनं आहेत. त्यातल्या एकात संगणकावर बसलेला पोरगा मला बघून उठून उभा राहिला. माझाच विद्यार्थी. आमच्या गावापासून तीन किलोमीटरवर धनगरवस्ती आहे, तिथला. मी नातवाचं नाव सांगितलं. त्यानं बिलबुकाच्या पाठीमागे पेन्सिलीनं पहिलं अक्षर काढलं. 'अ'ची खालची गाठ त्यानं अशी वळवली, की ती पाळण्याच्या दोरीसारखी दिसायला लागली. मी बघतच राहिलो. तेवढ्यात गल्ल्यावरून मालक म्हणाले, "अरे, फॉन्ट टाक ना, मागे सात बोर्ड आहेत." त्यानं कागद चुरगाळला आणि फॉन्ट टाकला.

या मुलाला शासकीय रेखाकला परीक्षेत, इंटरमिजिएटला, ए ग्रेड होती. दहावीच्या गुणपत्रिकेत त्याचे सात गुण मिळाले. बारावीनंतर कलेची पदवी असते, बीएफए. मी विचारलं, "पुढे बीएफए का नाही केलंस?" तो म्हणाला, "सर, बीएफए म्हणजे काय असतं ते इथं कामाला लागल्यावर कळलं. मुंबईच्या कॉलेजातला एक पोरगा बॅनर छापायला आला होता, त्याच्या बॅगेवर लिहिलेलं."

त्याला शाळेत चित्रकला मी शिकवली. म्हणजे हे न सांगणारा मीच. पण शाळा तुमच्या हातात आहे, म्हणून पत्र तुम्हाला.

शासकीय रेखाकला परीक्षेबद्दल तुम्हाला वेगळं सांगायला नको. सातवी-आठवीत एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. कला संचालनालयाची ही परीक्षा दर वर्षी लाखो मुलं देतात. किशोरवयातल्या मुलांच्या अंगातली कला हेरण्यासाठी सरकारनं आजवर बऱ्याच योजना काढल्या. २०१५ पासून नववी ते बारावीच्या मुलांसाठी कला उत्सव आहे, बालनाट्याची राज्य स्पर्धा आहे. पण ते सगळं निवडक मुलांपर्यंत पोचतं. वाडीवस्तीवरच्या शाळेपर्यंत जर काही पोचलं असेल, तर ते रेखाकला. ज्या गावात कधी एखादं चित्रप्रदर्शन भरलं नाही, त्या गावातल्या घरांतसुद्धा एलिमेंटरीचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं मी पाहिलं आहे.

आणि या परीक्षेचं आपण काय केलं? दहावीच्या सवलतीच्या गुणांचं कूपन. ए ग्रेडला सात, बीला पाच, सीला तीन. हा नियम चांगल्या हेतूनं आला, त्याबद्दल तक्रार नाही. निदान त्यामुळे पालक ब्रश-रंग घेऊन द्यायला लागले. पण तो आल्यापासून केंद्रावरचं वातावरणच पालटलं. मुलं आत वस्तुचित्र काढतायत आणि बाहेर पालक मला विचारतायत, "सर, ए बसेल ना?" चित्र कसं झालं हे विचारणारा पालक मला शेवटच्या पाच वर्षांत एकही भेटला नाही. बेस्ट ऑफ फाइव्हमध्ये पाचशेपैकी सात म्हणजे दीड टक्कासुद्धा नाही. पण शंभर टक्क्यांच्या यादीत नाव यायचं असेल तर तो दीड टक्का सोन्याचा. त्यामुळे ज्याला चित्रात काडीचा रस नाही असा हुशार मुलगाही परीक्षेला बसतो, आणि ज्याला आहे त्याची किंमतही त्या सातातच होते.

आता माझं पाप सांगतो. स्मरणचित्राचा पेपर म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं आठवून काढायचं. माझ्या कपाटात त्यासाठी एक तयार चित्र होतं. उजवीकडे झाड, मागे दोन कौलारू घरं, पुढे कमरेवर घागर घेतलेली पाठमोरी बाई आणि तिचं बोट धरलेलं पोर. पेपरात 'आठवडा बाजार' आला तर बाईसमोर भाजीची पाटी ठेवायची. 'पाणपोई' आली तर झाडाखाली रांजण. 'बसथांबा' आला तर झाडाला पाटी ठोकायची. बाई पाठमोरी अशासाठी, की चेहरा काढावा लागत नाही. हे चित्र मी वर्षानुवर्षं मुलांकडून घोटून घेतलं. आमच्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागायचा आणि संस्थेच्या सभेत माझ्या नावानं टाळ्या वाजायच्या. शेजारच्या गावातल्या सरांचं चित्र वेगळं होतं, त्यांची बाई डोक्यावर हारा घ्यायची. एवढाच काय तो फरक.

धनगरवस्तीवरच्या त्या पोरानं सरावाला बाजार काढला तो वेगळाच. त्याची आजी दर सोमवारी बाजारात लोकर आणि घोंगड्या घेऊन बसायची, आणि हा लहानपणी तिच्या मागे पोत्यांच्या आडोशाला झोपायचा. त्यामुळे त्याच्या बाजारात माणसं नव्हतीच, सगळे पाय होते. चपला, अनवाणी टाचा, एका म्हातारीच्या पायातलं कडं, लोंबणाऱ्या पिशव्यांचे बुडखे, आणि या सगळ्या पायांच्या मधून सरळ आपल्याकडे बघणारी एक शेळी. मी म्हटलं, "बाजारात माणसं दिसली पाहिजेत रे. परीक्षक काय म्हणतील?" त्यानं काही वाद घातला नाही. परीक्षेत पाठमोरी बाई काढली. ए ग्रेड आली ती त्या बाईला. शेळीचा कागद मी कुठं ठेवला, आता आठवत नाही.

परीक्षक वाईट असतात असं मला म्हणायचं नाही. कदाचित त्यांनी शेळीलाच जास्त गुण दिले असते. मी ती जोखीम घेतली नाही, कारण माझ्यावर निकालाचा दाब होता, आणि तुमच्यावर संस्थेचा.

खरं तर ही परीक्षा फार शहाण्या माणसांनी आखली आहे. वस्तुचित्रात बघायला शिकवतात, स्मरणचित्रात लक्षात ठेवायला, संकल्पचित्रात रचायला, आणि भूमिती-अक्षरलेखनात हात स्वच्छ ठेवायला. आता बारावीनंतर राज्यातल्या कला महाविद्यालयांत बीएफएला जायचं तर एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिच्यात प्रात्यक्षिकाचे पेपर कोणते? संकल्पचित्र, वस्तुचित्र, स्मरणचित्र. जोडीला सामान्यज्ञानाचा एक वस्तुनिष्ठ पेपर. म्हणजे जी मुलगी नववीत इंटरमिजिएट चांगल्या रीतीनं पास झाली, तिला सीईटीचा पाया मिळालेला असतो. आणि तिथून सीईटीपर्यंत तीन-चार वर्षं तिच्या हातात कुणी पेन्सिल देत नाही. दहावीत चित्रकलेचा तास गणिताच्या सरांकडे जातो, अकरावी-बारावी क्लासेसमध्ये जाते. बारावीचा निकाल लागल्यावर कुणाला तरी सीईटीचं आठवतं, तोवर फॉर्मची तारीख उलटलेली असते.

शहरात हे असं होत नाही. पुण्या-मुंबईत सीईटीचे, डिझाईनचे क्लासेस आहेत. त्यांची फी भरणाऱ्या घरातलं मूल बारावीआधी दोन वर्षं पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या निवडक चित्रांचा संच, बांधत असतं. आमच्या मुलाला पोर्टफोलिओ म्हणजे दप्तर वाटतं.

आयआयटीचं नाव काढलं की आपल्या सगळ्यांच्या पाठीचा कणा ताठ होतो, म्हणून एक माहिती देतो. आयआयटी मुंबईत डिझाईनची पदवी आहे, तिची प्रवेश परीक्षा यूसीड. २०१५ साली ती सुरू झाली. बारावी कुठल्याही शाखेची चालते, आणि परीक्षेच्या एका भागात चक्क चित्र काढावं लागतं. एका मुख्याध्यापकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "सर, चेष्टा करताय काय?" आपल्या रुपयाचं ₹ हे चिन्ह २०१० साली स्वीकारलं गेलं, ते रचणारे उदय कुमार याच आयआयटीत डिझाईन शिकलेले. तुमच्या कार्यालयातून शिक्षणाधिकाऱ्यांना जाणारं मराठी पत्र बहुधा 'मंगल' या अक्षरात टाइप होतं. ते प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवलं. अक्षरलेखनाचा पेपर म्हणजे बोर्ड रंगवणाऱ्यांसाठीचा, असं आपण समजतो, आणि रोज त्याच विद्येनं घडलेली अक्षरं वापरतो.

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. संचमान्यतेत, म्हणजे शाळेला मंजूर होणाऱ्या शिक्षकांच्या हिशेबात, चित्रकलेचं पद बसत नाही. मी निवृत्त झालो, माझ्या जागेवर कुणी आलेलं नाही, माझी खोली आता पोषण आहाराच्या तांदळाला दिली आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा असं लिहिलेलं आहे. लिहिलेलं आहे, एवढंच. नव्या शैक्षणिक धोरणातही कला आणि विज्ञान यांच्यात भिंत नको असं म्हटलंय. आमच्या शाळेत मधे भिंत नाही, तांदळाची पोती आहेत. ते मंत्रालयाशी भांडण आहे आणि ते भांडायला संघटना आहेत. तुमच्याकडे मागायचं ते वेगळं आहे आणि त्याला शासननिर्णय लागत नाही.

सगळ्यात आधी, दहावीच्या वेळापत्रकातला चित्रकलेचा तास कागदावर असतो तो वर्गातही असू द्या. 'स्वविकास व कलारसास्वाद' या विषयाची पुस्तकं नववी-दहावीला आली होती. कित्येक शाळांत ती गठ्ठ्यातून बाहेर निघाली नाहीत आणि श्रेणी मात्र सगळ्यांना अ. आठवड्यातला एक तास गेल्यानं गणिताचा निकाल पडल्याचं मी एकतीस वर्षांत पाहिलं नाही. एक तास हातात पेन्सिल नसल्यानं काय होतं ते पाहिलंय. हात आखडतो, आणि मग मुलाला वाटतं आपल्याला येतच नव्हतं.

दुसरं, शनिवारची सकाळची शाळा सुटली की एक खोली दोन तास उघडी ठेवा. शिक्षक नसला तरी चालेल असं मी म्हणतो तेव्हा माझे जातभाई माझ्यावर चिडतात, पण मी अनुभवानं बोलतोय. प्रत्येक तालुक्यात गणपतीचा एखादा कारखाना असतो. आमच्याकडच्या मूर्तिकाराकडे आषाढात सातवी-आठवीची पोरं रोजानं रंगवायला जातात. तिथं मी एका मुलीला डोळ्यांची आखणी करताना पाहिलं. श्वास रोखून, करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवून, एका ओढीत पापणी. माझ्या वर्गात ती मुलगी मागच्या बाकावर बसायची आणि तिला सी ग्रेड होती. त्या मूर्तिकाराला शनिवारी शाळेत बोलवा. फ्लेक्सनं धंदा बसवलेला एखादा जुना पेंटर गावात असेल, त्याला बोलवा. चहा द्या, मुलांसमोर मान द्या. तो सरळ रेघ फूटपट्टीशिवाय कशी मारायची ते दाखवेल, ते मलाही कधी जमलं नाही.

कागदाचं तेवढं बघा. गरीब घरातल्या मुलाचं चित्र रंगांवाचून अडतं, आणि लाजेपोटी तो सांगत नाही, "आवडत नाही" म्हणतो. आमच्या धनगरवस्तीच्या पोराकडे पोस्टर कलरच्या बाटल्या थोरल्या भावाच्या वेळच्या होत्या, वाळून खडे झालेल्या. तो आदल्या रात्री त्यांत पाणी घालून ठेवायचा आणि सकाळी काडीनं घोटायचा. पिवळा संपला की हळद. शाळेच्या किरकोळ खर्चात पाच मुलांचे रंग बसत नाहीत असं मला कुणी सांगू नये. बक्षीस समारंभाच्या शाली-श्रीफळाचा हिशेब मीही लिहिलाय.

अशा वेळी शाहू महाराजांची आठवण येते. नारायण राजहंस नावाच्या पोराचा गळा सोन्याचा होता, पण कान दुखरा होता. महाराजांनी नुसती वाहवा केली नाही, त्याच्या कानावर मिरजेला उपचार करवले. १९०५ साली सतराव्या वर्षी तो किर्लोस्कर नाटक मंडळीत गेला आणि पुढे बालगंधर्व म्हणून महाराष्ट्रानं त्याला डोक्यावर घेतलं. कान बरा करणं हे कलेला प्रोत्साहन देण्याच्या कुठल्या योजनेत बसतं? तुमच्या शाळेतल्या पोराचाही कुठला तरी कान दुखत असतो. कुणाला रंग नसतात, कुणाला एसटीचं भाडं. कुणाच्या वडिलांना वाटतं चित्रकला म्हणजे भिकेचे डोहाळे, तिथं मुख्याध्यापकानं घरी जाऊन अर्धा तास बसणं हाच उपचार. चित्रकला शिक्षक गेला तर बाप ऐकत नाही, त्याच्या लेखी मीच तो भिकेचा पुरावा. मुख्याध्यापक गेले तर ऐकतो.

परिपत्रकंही जरा उघडून बघा. दिल्लीच्या सीसीआरटी या सरकारी सांस्कृतिक संस्थेची सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती १९८२ पासून आहे. दहा ते चौदा वयाची मुलं, देशभरात ६५० शिष्यवृत्त्या. चित्र, शिल्प, गाणं, नाच, नाटक, पारंपरिक हस्तकला, सगळं चालतं. माझ्या नोकरीच्या काळात तिचं पत्रक माझ्या टेबलावर एकदाच आलं, तेही मुदत संपून आठ दिवसांनी. आणि कार्यालयाबाहेर जिथं गुणवंतांचे फोटो लावता, तिथं एक साधा तक्ता लावा. बारावीनंतर बीएफए चार वर्षांचं, त्यात उपयोजित कला, रंगकला, शिल्पकला अशा शाखा. शासकीय महाविद्यालयं नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरला. मुंबईचं सर जे. जे. १८५७ चं, आता अभिमत विद्यापीठ झालेलं. डिझाईनला जायचं तर यूसीड आणि एनआयडी, कापडाची-कपड्यांची आवड असेल तर निफ्ट. फॉर्म कधी निघतात ते दर वर्षी खडूनं लिहा. एवढंच जर माझ्या खोलीच्या दारावर असतं, तर त्या पोराला दुसऱ्याच्या बॅगेवर वाचावं लागलं नसतं.

सगळीच मुलं चित्रकार होणार नाहीत हे मला कळतं. कलेच्या पदवीनंतर नोकरी हमखास मिळते असंही मी कुणाला सांगणार नाही. झगडावं लागतं, पहिली काही वर्षं फार लागतं. पण इंजिनिअरिंगला घातलेली माझ्या भावकीतली पोरं काय करतायत तेही मी बघतोच आहे.

बोर्ड आणायला दुसऱ्या दिवशी गेलो. फॉन्टचा बोर्ड तयार होता. त्याच्या मागे त्यानं गुंडाळून एक कागद ठेवला होता, त्यावर नातवाचं अख्खं नाव हातानं लिहिलेलं. 'अ' कालचाच. त्याचे पैसे त्यानं घेतले नाहीत, आणि विचारलं, "सर, शनिवारी घरी असता का?" त्याला दुकानातून शनिवारी दुपारी सुट्टी असते.

आता तो येतो. माझ्या पडवीत दोन ड्रॉइंग बोर्ड आहेत आणि पाव इंपिरियल मापाचे कागद आहेत. पहिल्या शनिवारी मी सवयीनं त्याच्यासमोर तांब्या मांडला. त्यानं तो उचलला, आत बघितलं, पाणी भरलं, डोळ्यांच्या रेषेत धरला आणि काठाचा गोल कुठं चपटा होतो ते बराच वेळ बघत बसला. कागदाला हात लावला नाही. मी काही बोललो नाही. आणखी दोन पोरांची जागा आहे. तुमच्याकडे कुणी असेल तर शनिवारी दोननंतर पाठवा.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त चित्रकला शिक्षक
जि. सातारा